विश्लेषण : पीटीच्या तासाला क्रेडिट मिळाले, मैदानाचे काय? पुणे विद्यापीठातील शारीरिक शिक्षणाचा प्रवास

पिंपरी-चिंचवड : आकुर्डी, निगडी, भोसरी किंवा चाकणमधील महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की वेळापत्रकात ‘सीसी’ ही दोन अक्षरे दिसतात. मेजर, ओपन इलेक्टिव्ह, एसईसी, व्हीईसी या नव्या शब्दांच्या गर्दीत ती पटकन नजरेत भरत नाहीत. पण ज्याला घरातली आधीची पिढी ‘पीटीचा तास’ म्हणत होती, तो आता याच दोन अक्षरांच्या आत आहे. फरक एवढाच, की पूर्वी या तासाला दांडी मारली तर फार काही बिघडत नसे. आता त्याचे क्रेडिट पदवीत मोजले जाते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात शारीरिक शिक्षण कुठून आले, ते सक्तीचे कधी झाले, बाजूला कसे पडले आणि आता क्रेडिट मिळाल्यानंतर खरी अडचण कुठे आहे, याचा हा आढावा.

‘सीसी’ म्हणजे नेमके काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमांची नवी रचना आली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. या रचनेत सह-अभ्यासक्रम असा एक गट आहे. खेळ व तंदुरुस्ती, योग, आरोग्य, सांस्कृतिक उपक्रम, एनएसएस, एनसीसी हे सगळे त्यात येते. असा एक अभ्यासक्रम साधारण दोन क्रेडिटचा असतो.

दोन क्रेडिट म्हणजे किती वेळ? प्रात्यक्षिक विषयात एक क्रेडिट म्हणजे सत्रात ३० तास. दोन क्रेडिटचे झाले ६० तास. सत्र १५ आठवड्यांचे धरले, तर आठवड्याला ४ तास प्रत्यक्ष मैदानावर किंवा योगवर्गात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो दोनदा लागणार आहे.

विद्यापीठाच्या आधी काय होते?

पुण्याच्या परिसरात व्यायामाचे शिक्षण महाविद्यालयांच्या बाहेर सुरू झाले. तालीम, आखाडा, मल्लखांब, जोर-बैठका हा गावोगावचा अभ्यासक्रम होता. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट शाळेत अनेकांनी ऐकलेली असते. ते वर्ष त्यांनी कॉलेजच्या वेळापत्रकात मिळवले नव्हते, अभ्यासाच्या वेळेतून काढले होते.

पिंपरी-चिंचवडकरांना दुसरे उदाहरण जवळचे आहे. चिंचवडचे दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर यांनी १८९५ च्या सुमारास तरुणांना शारीरिक आणि लष्करी शिक्षण देणारे मंडळ काढले होते. जून १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि चापेकर हे नाव देशभर पोहोचले. तरुणांनी एकत्र येऊन व्यायाम करणे हा त्या काळात राजकीय संशयाचाही विषय होता.

त्यानंतर खेळाला संस्था आणि नियम मिळू लागले. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना सुरू झाला. खो-खोचे नियम लिहून काढण्यात या संस्थेने पुढाकार घेतला. सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष असताना तिथल्या स्पर्धेतून प्रेरणा घेऊन १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याची तयारी झाली. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली.

पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांनी कैवल्यधाम सुरू केले. आज पिंपरी, चिंचवड, आकुर्डीहून लोणावळा लोकलने जाणाऱ्यांच्या मार्गावरच ही संस्था आहे. योगाच्या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत मोजण्याचे काम तिथे झाले आणि त्यासाठी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही निघाले.

सरकारने हा विषय कधी हातात घेतला?

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. शाळा-महाविद्यालयांतल्या शारीरिक शिक्षणाचे काय करायचे, यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद स्वामी कुवलयानंदांकडे होते. १९३८ मध्ये मुंबईजवळ कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ. पुढे १९५७ मध्ये ग्वाल्हेरला केंद्र सरकारने लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले, तेव्हा तिथेही पहिले प्राचार्य म्हणून जोसेफ यांनाच बोलावण्यात आले.

कांदिवलीचे महत्त्व एका गोष्टीत आहे. तिथे पहिल्यांदा असे मान्य झाले, की व्यायाम शिकवणे हे कोणत्याही निवृत्त हवालदाराला देता येणारे काम नाही. त्यासाठी शरीररचना, शरीरक्रिया, खेळांचे नियम आणि शिकवण्याची पद्धत शिकलेला शिक्षक लागतो.

पुणे विद्यापीठात हा विषय कसा आला?

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. गणेशखिंडीतल्या चारशेहून अधिक एकरांच्या आवारात, एके काळच्या गव्हर्नरांच्या निवासस्थानी विद्यापीठाचे कामकाज सुरू झाले. जागेची कमतरता हा तेव्हाचा प्रश्न नव्हता.

सुरुवातीला विद्यापीठाचे कार्यक्षेत्र आजच्यापेक्षा खूप मोठे होते. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन होईपर्यंत कोल्हापूरही पुण्याच्याच कक्षेत होते. त्यामुळे स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाची कथा या विद्यापीठाच्या इतिहासालाही स्पर्श करते.

खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडत होते, तेव्हा महाविद्यालयातले प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक आणले. आज गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या क्रीडा संकुलाला त्यांचे नाव आहे आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्यात क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

या कथेकडे सहसा अभिमानाने पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण धोरणाच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात एक खटकणारी गोष्ट आहे. पदकासाठी लागणारा पैसा कोणत्याही योजनेतून आला नव्हता, तो एका शिक्षकाच्या घरातून आला. व्यवस्था कमी पडली की एखादा सर, एखादी मॅडम खिशातून भर घालतात, ही सवय तेव्हापासूनची आहे.

मग ‘सक्तीची पीटी’ कधी सुरू झाली?

स्वातंत्र्यानंतर केंद्राने १९५० मध्ये शारीरिक शिक्षणासाठी सल्लागार मंडळ नेमले. १९५६ मध्ये राष्ट्रीय आराखडा आला. पण महाविद्यालयांच्या मैदानावर खरा बदल घडवला तो १९६२ च्या चीन युद्धाने. १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. सकाळी गणवेश, परेड आणि हजेरी. शारीरिक शिक्षण म्हणजे कवायत, हे समीकरण त्या पिढीच्या मनात पक्के बसले.

ही सक्ती १९६८ मध्ये संपली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत एनएसएस सुरू झाली. त्याच वेळी खेळात रस असलेल्यांसाठी राष्ट्रीय क्रीडा संघटनेचा पर्यायही मांडला गेला. एनसीसी आणि एनएसएस टिकल्या, वाढल्या. क्रीडा संघटनेचा पर्याय मात्र महाविद्यालयांत तसा रुजला नाही.

पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षासाठी सक्तीचे शारीरिक शिक्षण दीर्घकाळ होते. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेक पालकांना पहिल्या वर्षाची ती चाचणी आठवत असेल : धावणे, उड्या, जोर-बैठका आणि शेवटी एका तक्त्यात सही. टक्केवारीत तिचे वजन जाणवत नसे, त्यामुळे विद्यार्थी तिच्याकडे औपचारिकता म्हणून पाहत.

दुसरीकडे खेळाडूंसाठी वेगळी वाट तयार झाली. महाविद्यालयाचा संघ, मग विभागीय स्पर्धा, आंतरविभागीय स्पर्धा आणि शेवटी देशपातळीवरची आंतरविद्यापीठ स्पर्धा. खेळ, एनसीसी, एनएसएसमध्ये भाग घेणाऱ्यांना गुणांची सवलत मिळू लागली. हळूहळू जिमखाना हा संघात निवडल्या गेलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांचा झाला आणि उरलेल्यांसाठी ती एक बंद खोली राहिली, जिथे कॅरम बोर्ड आणि जुने ढाल-चषक दिसतात.

शिकवणारे कुठे घडतात?

पुणे विद्यापीठाच्या कक्षेत या विषयाचे महत्त्वाचे केंद्र म्हणजे गुलटेकडीतील चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय. महाराष्ट्रीय मंडळाने ते १९७७ मध्ये सुरू केले. १९२४ मध्ये व्यायामाच्या प्रसारासाठी निघालेल्या संस्थेने अर्ध्या शतकानंतर शिक्षक घडवण्याचे काम हाती घेतले, असा हा सरळ धागा आहे.

बीपीएड हा अभ्यासक्रम शिक्षक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या नियमांनुसार चालतो. २०१४ च्या नियमावलीने तो एक वर्षावरून दोन वर्षांचा झाला. महाराष्ट्रात प्रवेशासाठी सीईटी असते आणि लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही द्यावी लागते.

महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचे असेल तर वाट आणखी अवघड आहे. पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट (महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठच घेते) आणि त्यावर शारीरिक चाचणी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार ३० वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १,८०० मीटर अंतर कापावे लागते. ३० वर्षांपर्यंतच्या महिला उमेदवाराला ८ मिनिटांत १,००० मीटर. वय वाढेल तसे अंतर कमी होते. इतर कोणत्याही विषयाच्या प्राध्यापकाला नोकरीसाठी असे धावून दाखवावे लागत नाही.

पदके येतात, मग अडचण कुठे?

पुणे विद्यापीठाची खेळातील कामगिरी कमी नाही. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या. पंजाब विद्यापीठ पहिले आले, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसरे. दोघांची सुवर्णपदके सारखीच होती, १७-१७. पंजाबची रौप्यपदके १९ आणि पुण्याची ११, तिथे निकाल ठरला. एकूण पदके पंजाबची ४६, पुण्याची ३७.

म्हणजे वरच्या टोकाला विद्यापीठ देशात पहिल्या दोनांत होते. पण पदक हे निवडलेल्या खेळाडूचे मोजमाप आहे. शारीरिक शिक्षणाचा प्रश्न वेगळा आहे : जो विद्यार्थी कधीही संघात निवडला जाणार नाही, त्याला विद्यापीठाने काय शिकवले?

कायद्यात या दोन्ही गोष्टी एकाच छत्राखाली आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ असते. नावात ‘क्रीडा’ आधी आणि ‘शारीरिक शिक्षण’ नंतर. महाविद्यालयांच्या पातळीवर वेळ आणि पैशांचा क्रमही बहुधा तसाच लागतो.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचे विधेयक मंजूर केले. त्यासाठी वाकडच्या शेजारी, म्हाळुंगे-बालेवाडीतल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाची जागा ठरली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा याच संकुलात झाल्या. क्रीडा विज्ञान, प्रशिक्षण, व्यवस्थापन यांसाठी असे विद्यापीठ हवेच. पण त्याने बीकॉमच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्याच्या चार तासांचा प्रश्न सुटत नाही.

चार तासांचा हिशेब काय सांगतो?

एक काल्पनिक महाविद्यालय घ्या. पहिल्या वर्षाच्या ६०० विद्यार्थ्यांनी ‘खेळ व तंदुरुस्ती’ हा पर्याय निवडला. ६० जणांची एक तुकडी केली तर १० तुकड्या होतात. प्रत्येक तुकडीला आठवड्याला ४ तास म्हणजे एकूण ४० तास. सहायक प्राध्यापकासाठी यूजीसीने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन धरले आहे. त्या मापाने पाहिले तर या एका पर्यायासाठी किमान अडीच शिक्षक हवेत.

प्रत्यक्षात बहुतेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचे पद एकच असते. तेच पद संघ निवडते, स्पर्धांना घेऊन जाते, साहित्य खरेदी करते, वार्षिक क्रीडा महोत्सव घेते. पद रिकामे असेल तर काम तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे किंवा दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकाकडे जाते.

रिकाम्या पदांचा प्रश्न जुना आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने अनुदानित महाविद्यालयांतील ४,७३८ पदांच्या भरतीला मान्यता दिली. त्यात सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे होती. शारीरिक शिक्षण संचालकांची होती १३९. दर शंभर पदांमागे तीनही नाहीत. आणि ही मान्यता नव्या क्रेडिट रचनेच्या आधीची होती, जेव्हा हा विषय पदवीच्या मोजणीत आजच्यासारखा नव्हता.

शिक्षक आणि मैदान नसेल तर काय होते, हे सांगायला वेगळ्या अभ्यासाची गरज नाही. साठ तासांच्या प्रात्यक्षिकाची जागा पीडीएफ नोट्स घेतात. योगाचे फायदे लिहा, कबड्डीच्या मैदानाची आकृती काढा, दहा पानांची फाइल जमा करा. क्रेडिट मिळते, घाम येत नाही. जुन्या सक्तीच्या पीटीत किमान एकदा तरी धावून दाखवावे लागे.

पिंपरी-चिंचवडमध्ये मैदाने आहेत का?

हे शहर कारखान्यांभोवती वाढले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को, बजाज आणि एमआयडीसी. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. महाविद्यालये त्यानंतर वाढली, आणि वाढली ती महागड्या जमिनीवर. त्यामुळे अनेक ठिकाणी इमारत उंच आणि आवार लहान असे चित्र दिसते. गणेशखिंडीसारखे शेकडो एकर इथे कोणाच्याच वाट्याला येणार नव्हते.

पण शहर म्हणून पाहिले तर चित्र वेगळे आहे. भोसरीच्या इंद्रायणीनगरात संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुलात ४०० मीटरचा सिंथेटिक ट्रॅक आहे. नेहरूनगरला मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे पॉलिग्रास हॉकी मैदान आहे आणि तिथे डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय हॉकी स्पर्धा झाली. जवळच अण्णासाहेब मगर स्टेडियमची जागा आहे, जिथे २०२० मध्ये जम्बो कोविड रुग्णालय उभे राहिले. महापालिकेची क्रीडा प्रबोधिनी आहे, जलतरण तलाव आणि व्यायामशाळा आहेत.

या सुविधा सकाळी आणि संध्याकाळी भरतात. महाविद्यालयांचे तास सकाळी सात ते दुपारी दोन-तीनपर्यंत. म्हणजे महापालिकेची काही मैदाने रिकामी असतात त्या वेळेत विद्यार्थी मोकळे असू शकतात, फक्त दोन्ही वेळापत्रके कोणीतरी शेजारी ठेवून पाहायला हवीत. उन्हाळ्यातले ऊन, येण्या-जाण्याचा खर्च आणि मुलींची सोय हे प्रश्न खरे आहेत. चाकणहून भोसरीला येणाऱ्या विद्यार्थ्याला पीएमपीची बस आणि नाशिक रस्त्यावरची कोंडी या दोन्हींचा हिशेब करावा लागतो.

मोठे मैदान नसले तरी सगळेच अडत नाही. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटर असते. अशी चार मैदाने शेजारी-शेजारी आखली तर ५२० चौरस मीटर जागा लागते. बाजूची मोकळी जागा वेगळी. बास्केटबॉलच्या एका मैदानाला ४२० चौरस मीटर लागतात. चार कबड्डी मैदानांवर एका वेळी ५६ जण खेळतात, म्हणजे जवळपास पूर्ण तुकडी. आखाड्यांनी आणि मराठी मातीतल्या खेळांनी कमी जागेचे गणित फार पूर्वीच सोडवून ठेवले आहे. योगाला तर एक सभागृह पुरते.

हे सगळे इतके महत्त्वाचे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. आता सुरुवातीचा आकडा आठवा. दोन क्रेडिटचे आठवड्याला ४ तास म्हणजे २४० मिनिटे. सीसीचा तास खरोखर मैदानावर झाला, तर विद्यार्थी तेवढ्यानेच ही मर्यादा गाठतो. कागदावरची रचना चांगली आहे.

दुसऱ्या बाजूला देशाची स्थिती पाहा. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, महिलांमध्ये ५७ टक्के. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज होता.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात याला आणखी एक बाजू आहे. इथल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले-मुली एकतर हिंजवडीत आठ-नऊ तास खुर्चीत बसणार आहेत किंवा असेंब्ली लाइनवर आठ तास उभी राहणार आहेत. रात्रपाळी, बदलती शिफ्ट आणि कॅन्टीनचे जेवण सुरू झाले की नवीन खेळ किंवा व्यायाम शिकायला वेळ मिळणे कठीण. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी सवय लागली नाही तर पुढे ती लावायला बहुतेकांना डॉक्टरांचा रिपोर्ट लागतो.

विद्यार्थ्यांनी काय तपासावे?

• सीसीमध्ये कोणते पर्याय उपलब्ध आहेत, याची यादी प्रवेशाच्या वेळीच मागावी. आवडीचा पर्याय यादीत असतो, पण त्यासाठी शिक्षक नेमलेला असतोच असे नाही.

• ६० तासांचे वेळापत्रक आहे का, ते विचारावे. प्रात्यक्षिक किती आणि लेखी किती, हे अभ्यासक्रमाच्या आराखड्यात नमूद असते.

• मूल्यमापन कशावर आहे हे पाहावे. हजेरी, सहभाग आणि प्रगती यांवर गुण असतील तर तंदुरुस्त नसलेल्या विद्यार्थ्यालाही घाबरण्याचे कारण नाही. दम्यासारखा आजार किंवा दिव्यांगत्व असल्यास वैद्यकीय कागदपत्रे देऊन योग्य पर्याय मागता येतो.

• खेळाडू असाल तर स्पर्धांची प्रमाणपत्रे सांभाळून ठेवा. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी स्पर्धेचा दर्जा आणि क्रमांक ठरलेला असतो.

• या विषयात करिअर करायचे असेल तर पदवीनंतर बीपीएड सीईटी, मग एमपीएड आणि नेट-सेट असा क्रम आहे. शाळा, महाविद्यालय, क्रीडा प्रशिक्षण आणि फिटनेस उद्योग या सगळीकडे तो उपयोगी पडतो.

पुढे काय?

१९३७ च्या समितीपासून २०२४ च्या क्रेडिटपर्यंत कागदावर हा विषय सतत पुढे सरकला आहे. आधी प्रशिक्षण संस्था आली, मग सक्ती, मग गुणांची सवलत, कायद्यात मंडळ आणि आता पदवीत जागा. प्रत्येक टप्प्यावर मागे राहिल्या त्या दोनच गोष्टी : शिकवणारा माणूस आणि खेळायची जागा. खाशाबांच्या वेळी ती तूट एका प्राचार्यांच्या घराने भरून काढली. सहाशे विद्यार्थ्यांची तूट तशी भरून निघणार नाही. त्यासाठी राज्य सरकारने पदे भरावी लागतील आणि महापालिका व महाविद्यालयांनी मैदानांच्या वेळा वाटून घ्याव्या लागतील.

तोपर्यंत विद्यार्थ्यांना स्वतःची एक चाचणी सहज घेता येईल. भोसरीच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर साडेचार फेऱ्या म्हणजे १,८०० मीटर होतात. अडीच फेऱ्या म्हणजे १,००० मीटर. आपल्या सरांनी किंवा मॅडमनी नोकरीसाठी जे अंतर १२ किंवा ८ मिनिटांत कापून दाखवले, ते आपल्याला किती वेळात जमते, हे मोबाइलचे स्टॉपवॉच लावून पाहता येईल. धावताना फोन मित्राच्या हातात द्यावा, एवढेच.